‘काम सोडा’ न म्हणणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून टाळते. विडी घरकुलातली, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतली, विड्या वळायचं सूप मांडीवरून खाली ठेवायला तयार नसलेली बाई म्हटलं की तुम्हाला कळेलच मी कुणाची मुलगी ते.

आईची कंबर आणि मान घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो तेव्हा फाइल चांगलीच जाड झालेली होती. गोळ्या झाल्या, ट्रॅक्शन (वजन लावून मणका ताणणं) झालं, कमरेचा पट्टा तर झोपतानाही सुटत नव्हता. सल्ला मात्र सगळीकडे एकच, विड्या वळणं बंद करा. हजार विड्यांवर मजुरी मिळते. ती बंद केली तर गॅसचा सिलेंडर कुणी आणायचा, हे सांगणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, “सूप कुठे ठेवता? पाय कसे घेता?” आणि पुढच्या आठवड्यात बघायला घरीच आलात.

आई पत्ती कापते कशी, तंबाखू भरून वळते कशी, मान किती वेळ खाली राहते, हे तुम्ही जमिनीवर बसून पाहिलंत. मग भिंतीला टेकून पाट, सुपाखाली दुसरा पाट, आणि मोजून पन्नास विड्या झाल्या की उठायचं. मोबाइलचा गजर आईने पहिल्याच दिवशी बंद करून टाकला असता. विड्यांची मोजणी ती झोपेतही चुकत नाही. हे तुम्हाला कसं सुचलं, मला अजून नवल वाटतं.

त्याहून अवघड होता तो चांगल्या दिवसांचा नियम. कंबर जरा हलकी वाटली की आई घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढायची. आपली सोलापुरी चादर ओली झाली की पिळायला दोन माणसं लागतात, आणि ही एकटी! मग दोन दिवस अंथरुणात. तुम्ही म्हणालात, बरं वाटलं तरी पन्नासच, आणि दुखणं उसळलं तर पंचवीस, पण शून्य नाही. तो कागद अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

“मणक्यात गॅप आहे” हे वाक्य आईने इतक्या वेळा ऐकलं होतं की वाकायलाच घाबरायची. पन्नाशीच्या, काहीच दुखत नसलेल्या माणसांचे फोटो काढले तरी दहातल्या आठांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, हे तुमच्याकडून पहिल्यांदा कळलं. आणि तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं दुखणं वेगळं वागतं, हेही. आजोबा गिरणीत होते, म्हणून तुम्ही तिथलंच उदाहरण दिलंत: गिरणी कधीच बंद पडली, भोंगा मात्र वाजत राहिलाय. भोंगा खोटा नाही, कानाला ऐकू येतोच. पण तो वाजला म्हणून दरवेळी आतून काही तुटतंय असं नाही. आईला हे माझ्याआधी पटलं.

पट्टा तुम्ही हळूहळू सोडवलात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल ज्या शिफारशी दिल्या, त्यांत नेहमीच्या उपचारात पट्टा आणि ट्रॅक्शन वापरू नये असंच म्हटलंय. व्यायाम, समजावून सांगणं आणि मनाच्या बाजूचे उपचार यांवर भर आहे. आम्ही पैसे खर्च केले ते नेमके पट्ट्यावर आणि ट्रॅक्शनवर. असो. मेडिकलमधून आणून उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांचं ऐकून तुम्ही स्वतः काही न बदलता आम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवलंत. त्यांनी रक्ताची तपासणी करून गोळ्या कमी केल्या. आपलं काम कुठे संपतं हे ओळखणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

एक गोष्ट आम्हा घरच्यांना जड गेली. “दुखतंय का?” हा प्रश्न दिवसभर विचारायचा नाही, “आज काय काय केलंस?” असं विचारायचं. भावाला तो निष्ठुरपणा वाटला. आता आईच उलट त्याला विचारते, तू काय केलंस ते सांग आधी.

दुखणं गेलंय असं मी लिहिणार नाही, तुम्हीही कधी तसं म्हणाला नव्हता. थंडीत मान अजून आखडते, काही रात्री झोप मोडते. पण तुम्ही “काय करायचंय तुम्हाला?” असं विचारलं तेव्हा आई जे म्हणाली होती, ते झालं: एसटीने अक्कलकोटला जाऊन, दर्शन घेऊन, त्याच दिवशी परत. जाताना निम्मा रस्ता ती दांडी धरून उभी राहिली, बसून आखडायला नको म्हणून. कंडक्टर सारखा “बसा मावशी” म्हणत होता आणि ही ऐकत नव्हती.

फीशिवाय तुम्ही काही घेत नाही हे माहीत आहे. तरी आईने कुटलेली शेंगा चटणी पाठवतेय. ती परत आली तर आई रुसेल आणि त्याला तुम्ही जबाबदार.

आणि एक विनंती. गल्लीतल्या चार-पाच जणी पाटावर सूप ठेवून बघतायत, पण उंची कुणाचीच नीट जमलेली नाही. विड्या देऊन आल्या की दुपारी सगळ्या घरीच असतात. जमलं तर एकदा या. काहींना तेलुगूच सोपं जातं, तिथे आई दुभाषी होईल. मात्र ती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त सूचना देईल, एवढी तयारी ठेवा.

तुमची,
पाटावरच्या पेशंटची मुलगी
सोलापूर