अश्रुधुराचे धुवण खाडीत सोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जमाव पांगवण्यासाठी अश्रुधूर वापरला की त्याचा माणसांवर काय परिणाम झाला याची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु नंतर रस्ता धुतलेले पाणी कुठे गेले, हे कोणी विचारत नाही.

अश्रुधुरातील सर्वाधिक प्रचलित ‘सीएस’ हा मुळात वायू नसून घन पदार्थ आहे. पाण्यात विरघळल्यावर त्याचे विघटन होते, अल्कधर्मी पाण्यात तर फारच लवकर. म्हणून दूषित जागा सोड्याच्या किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाने धुऊन निष्प्रभ करतात. त्यामुळे डोळ्यांची आग थांबते, पण विघटनातून क्लोरोबेन्झाल्डिहाइड आणि मॅलोनोनायट्राइल ही दोन रसायने उरतात, आणि मॅलोनोनायट्राइलपासून प्राण्यांच्या शरीरात सायनाइड तयार होते. धुण्याच्या द्रावणातून उरलेले सल्फाइट पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकते, ते वेगळेच. आपल्याकडे सफाईला सर्रास वापरली जाणारी ब्लीचिंग पावडर तर येथे मुळीच चालत नाही, कारण तिच्यामुळे सीएसपासून अधिक विषारी संयुगे बनू शकतात. धूर निर्माण करणाऱ्या मिश्रणात बहुधा पोटॅशियम क्लोरेट असते. न जळता राहिलेले क्लोरेट झाडांना मारक आहे, आणि त्याच कुळातील सोडियम क्लोरेट तणनाशक म्हणून वापरले गेले आहे.

अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २०२० च्या आंदोलनांनंतर पालिकेने आसपासच्या पर्जन्यजल वाहिन्यांतील नमुने तपासले, तेव्हा त्यांत जस्त व क्रोमियमसारख्या धातूंचे प्रमाण वाढलेले आढळले. मुंबईत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. येथील पर्जन्यजल वाहिन्या मलवाहिन्यांपासून वेगळ्या असून त्यांतील पाणी प्रक्रियेविनाच नाल्यांतून मिठी नदीत, खाडीत आणि समुद्रात जाते. एका दिवसाच्या वापराने अरबी समुद्र विषारी होणार नाही, हे मान्य. पण ओहोटीच्या वेळी, नाल्याच्या तोंडाशी, खारफुटीच्या चिखलात राहणाऱ्या निवटा माशांना आणि चिंबोऱ्यांना (खेकड्यांना) पातळ न झालेले पाणी सोसावे लागते, ही माझी खरी काळजी आहे.

म्हणून पोलीस, महानगरपालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एकत्र बसून लेखी कार्यपद्धती ठरवावी व ती जाहीर करावी, ही विनंती. वापरलेली नळकांडी वेचून घ्यावीत, धुण्यापूर्वी गटारांची तोंडे बंद करावीत, धुवण टँकरमध्ये उपसावे, आणि मुदत संपलेला साठा २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसारच नष्ट करावा. नाल्यांच्या मुखाशी पाण्याची व गाळाची चाचणी पावसाळ्यापूर्वीच घ्यावी. पहिल्या जोरदार सरीनंतर तिथे तपासण्यासारखे फारसे उरत नाही.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
माहीम, मुंबई