सहा महिन्यांचा शिधा हवा आहे : मानखुर्दच्या क्षयरुग्णांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमच्या लल्लूभाई कंपाउंडात तळमजल्याच्या पॅसेजमध्ये दुपारी बारालाही ट्यूब लावावी लागते. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या फटीत वरून कचरा पडतो, म्हणून खालचे लोक खिडकी उघडतच नाहीत. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत झोपड्या तुटल्या, पक्की घरं मिळाली. ऊन-वारा मात्र तिकडेच राहिला. खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, हे 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या पाहणीतही दिसलं. त्यात १९२७ पासूनचं देवनारचं कचऱ्याचं डम्पिंग जवळच. धुराचं वेगळं सांगायला नको.

इमारती आपल्याला हलवता येणार नाहीत. ताटात काय पडतं, ते बदलता येईल.

टीबीचं औषध सरकारी केंद्रात फुकट मिळतं. पण रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, आणि मग माणूस गोळ्याच सोडतो. आमच्याकडचा एक नाका कामगार (रोज नाक्यावर उभं राहून मजुरी शोधणारा), वजन ३८ किलो. आजारपणात काम सुटलं, घरात दोन वेळा चहा-पाव. सरकारकडून महिन्याला हजार रुपये येतात (नोव्हेंबर २०२४ आधी पाचशेच होते). पण घरात खाणारी तोंडं चार, हजारात काय भागणार?

झारखंडमध्ये रुग्णांना औषधाबरोबर दरमहा दहा किलोचा शिधा देऊन पाहिला. २०२३ साली निष्कर्ष आले : पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. ३८ किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे दोन किलोसुद्धा नाहीत!

म्हणून विनंती, एका रुग्णाचा सहा महिन्यांचा शिधा उचला. तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, गोडेतेल, दूध पावडर. अंड्यांचा ट्रे कुणी दिला तर सोन्याहून पिवळं. वाणसामानाच्या दुकानात थेट पैसे भरलेत तरी चालेल, पावती आम्ही देऊ. एकच महिना जमत असेल तर तेवढंच द्या, पुढचा महिना दुसरं कुणी उचलेल. जुने कपडे मात्र कृपया नकोत, ठेवायला जागा नाही. रुग्णाचं नाव किंवा फोटो कुणालाही दिला जाणार नाही. बायकांची सोयरीक मोडते हो यावरून.

एक वजनकाटाही हवा आहे. आमचा दोन किलो जास्त दाखवतो.

आपली,
रहिवासी आरोग्य समिती