स्टालिनग्राडच्या बर्फातले नीबेलुंग

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील उत्तर-आधुनिक जर्मन नाटकावरचा लेख वाचला. आपल्याकडे जर्मन नाटक म्हटले की गाडी ब्रेख्तपाशी येऊन थांबते. तिला कोणीतरी पुढे नेले याचा आनंद झाला. परंतु या नाटककारांनी रंगमंचावर रक्त सांडून केवळ धक्के दिले आणि इतिहासाची मोडतोड केली, हा लेखाचा निष्कर्ष मला मान्य नाही. पूर्व जर्मनीतला नाटककार हायनर म्युलर याच्यावर तर तो उघड अन्याय आहे.

लेखकाने ‘विकृत’ ठरवलेलाच प्रवेश घेऊ. नाटक आहे ‘गेर्मानिया टोड इन बर्लिन’. स्टालिनग्राडच्या बर्फात उपासमारीने मरायला टेकलेले जर्मन सैनिक, आणि त्यांच्यात अचानक नीबेलुंग या मध्ययुगीन जर्मन महाकाव्यातले वीर अवतरतात : गुंथर, हागेन, फोल्कर, गेर्नोट. हे वीर न संपणाऱ्या लढाईत गुंतलेले आहेत. लढता लढता ते एकमेकांवरच उलटतात, एकमेकांचे तुकडे करतात, आणि शेवटी मानवी अवयव व भंगार यांचा मिळून एक राक्षस उभा राहतो. वाचतानाही अंगावर काटा येतो, हे खरे. पण या वीरांना स्टालिनग्राडला म्युलरने नेलेले नाही. ३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरचा सहकारी गोरिंग याने आपल्या भाषणात तिथे वेढल्या गेलेल्या सैन्याची तुलना आगीने वेढलेल्या सभागृहात शेवटपर्यंत लढणाऱ्या नीबेलुंगांशी केली होती. म्हणजे वेढ्यातली माणसे जिवंत असतानाच त्यांचे पोवाडे गाऊन झाले. शरणागतीनंतर नव्वद हजारांच्या वर सैनिक कैद झाले आणि त्यांतले जेमतेम पाच-सहा हजार घरी परतले. म्युलरने गोरिंगचे शब्द फक्त शब्दशः खरे मानले आणि ते रंगमंचावर करून दाखवले. मग इतिहासाची मोडतोड नेमकी कोणी केली?

हीच त्याची रीत आहे. सत्तेने इतिहासावर चढवलेला मुलामा तो खरवडून काढतो, आणि खरवडताना खालचे रक्त दिसतेच. याच नाटकात रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ग्रंथातून घेतलेला एक उतारा आहे. आर्मिनियस आणि फ्लावुस हे भाऊ वेझर नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना शिव्याशाप देतात, एक रोमच्या विरुद्ध लढणारा, दुसरा रोमच्या चाकरीत. त्याला जोडूनच येतो तो १७ जून १९५३ चा तुरुंग. पूर्व जर्मनीत कामगारांचा उठाव पेटला आहे आणि आत एक कम्युनिस्ट व त्याचा नात्झी भाऊ समोरासमोर आले आहेत. मध्ये जवळपास दोन हजार वर्षे गेली, पण भाऊबंदकी तीच! १९४५ साली सगळे संपले आणि पाटी कोरी झाली, हे पश्चिमेचे म्हणणे, आणि आम्ही तर फॅसिझमविरोधी लढ्याचेच वारस, हे पूर्वेचे. या दोन्ही समजुतींना तो एकदम हात घालतो. साहजिकच हे नाटक आधी पश्चिमेत, म्युनिकमध्ये १९७८ साली झाले. म्युलरच्या स्वतःच्या देशात, पूर्व जर्मनीत, त्याला पुढे दहा वर्षे वाट पाहावी लागली.

तिथल्या राजवटीशी त्याची गाठ त्याआधीच पडली होती. १९६१ साली, बर्लिनची भिंत उभी राहून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, त्याच्या ‘डी उमझीडलरिन’ या नाटकाचा एकच प्रयोग झाला आणि बंदी आली. लेखक संघातून त्याची हकालपट्टी झाली, दिग्दर्शकाची रवानगी कोळशाच्या खाणीवर. केवळ धक्के देण्यासाठी कोणी एवढी किंमत मोजत नाही.

आणि हिंसा म्हणजे फक्त शत्रूची हिंसा, असेही त्याने कधी मानले नाही. ‘माउझर’मध्ये क्रांतीच्या शत्रूंना गोळ्या घालणे हे एका माणसाला नेमून दिलेले काम आहे. आधी त्याचा हात थरथरतो, तो सुटका मागतो, ती मिळत नाही. मग एक दिवस त्याला मारण्यातच कैफ चढू लागतो. तेव्हा क्रांती त्यालाच मृत्युदंड देते आणि वर त्या दंडाला त्याची संमतीही मागते. समाजवादी देशात राहून समाजवादी लेखकाने हे लिहिले होते.

म्युलरने लहानपणीची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. १९३३ साली समाजवादी वडिलांना पकडायला रात्री माणसे आली. जाण्याआधी वडिलांनी खोलीचे दार उघडून हळूच हाक मारली, तेव्हा चार वर्षांच्या हायनरने झोपेचे सोंग घेतले. आपण त्या रात्री दगा दिला, ही टोचणी त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत आहे. म्हणूनच त्याच्या नाटकात हात झटकून बाजूला उभे राहण्याची सोय कोणालाच नाही.

लेखकाचा एक आक्षेप मात्र मला पटतो. म्युलरच्या जेमतेम नऊ-दहा पानांच्या ‘हॅम्लेटमशीन’ या नाटकाच्या नावाखाली अनेक दिग्दर्शक काहीही खपवतात, आणि तिथे हिंसा खरोखरच सजावट होते.

एल्फ्रीडे येलिनेक (त्या ऑस्ट्रियाच्या, जर्मनीच्या नव्हेत) यांना याच माळेत ओवणे तर साफ चुकीचे. मार्च १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या रेख्निट्झ गावच्या गढीत मेजवानी चालू असताना सुमारे १८० हंगेरियन ज्यू वेठबिगारांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या कबरी अजून सापडलेल्या नाहीत. त्यावरच्या येलिनेकबाईंच्या नाटकात प्रेक्षकाला ही कत्तल दिसतच नाही. निरोप्ये येतात आणि बोलत राहतात, सांगतात, टाळतात, सारवासारव करतात, गाव जसे इतकी वर्षे करत आले तसे. रक्ताचा थेंब न सांडता इतके हिंसक नाटक होऊ शकते, हे लेखकाने लक्षात घ्यायला हवे होते.

इतिहासाच्या विकृतीकरणाचा आरोप आपल्याला काही नवा नाही. ‘घाशीराम कोतवाल’वर तो झाला आणि १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळी प्रकरण कोर्टापर्यंत गेले. तेव्हा ज्यांनी त्या नाटकाची बाजू घेतली, त्यांच्याच भाषेत आज म्युलरला त्याच आरोपाखाली निकालात काढावे, याचे मला फार वाईट वाटते.

या लेखाचा दुसरा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात ‘माउझर’ आणि ‘रेख्निट्झ’ या दोन नाटकांचा तपशिलाने विचार व्हावा आणि शक्य असल्यास एखाद्या प्रवेशाचा मराठी अनुवादही द्यावा, ही विनंती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, सातारा