पेशंटला भेटायला जाताय? मग एवढं वाचा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

४ फेब्रुवारीला कर्करोग दिन म्हणून पेपरात लक्षणं, तपासण्या, डॉक्टरांचे सल्ले सगळं येतं, चांगलंच आहे, पण ज्या घरात हा आजार आधीच येऊन बसलाय तिथं बाकीच्यांनी कसं वागायचं ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या मोठ्या ताईला स्तनाचा कॅन्सर निघाला. आम्ही सोलापूरचे, ट्रीटमेंट मुंबईला परळमध्ये. दर २१ दिवसांनी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, केमो घ्यायची आणि परत.

आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर लोक नावं ठेवतात, मान्य. पण केमोनंतर आठवडा-दोन आठवडे पांढऱ्या पेशी पार खाली येतात, साधी सर्दीही महागात पडते, ताप १००.४ झाला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं असं आम्हाला बजावलेलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात हॉलमध्ये नऊ जण, त्यातल्या एकाला खोकला, "काही नाही हो, नुसती खवखव आहे". एका मामींनी किलोभर शेंगाचटणी आणली, प्रेमानंच आणली, सोलापुरात दुसरं काय आणणार म्हणा, पण ताईच्या तोंडात फोड, तिला गार ताकसुद्धा झोंबत होतं. ती चटणी आम्हीच दोन महिने खाल्ली. सल्ल्यांचं तर विचारूच नका. गोमूत्र, गव्हांकुर, कुठलातरी वैद्य, आणि प्रत्येकाच्या ओळखीत एक जण असतोच ज्याला "सेम हेच" झालेलं आणि तो गेला, हे पेशंटच्या तोंडावर सांगतात!

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "काही लागलं तर सांगा". बोलणारा मनापासूनच बोलतो. पण ज्याच्या डोक्यात रिपोर्ट, तिकीट, पैसे, पोरीची दहावी सगळं एकदम घुमतंय, तो काय लागतंय ते आठवणार कधी, कुणाला सांगायचं ते ठरवणार कधी आणि फोन लावणार कधी? दाजींनी एकालाही लावला नाही.

उपयोगी पडले ते न विचारता पडले. शेजारच्या काकूंनी एकदाच विचारलं, तिला चालतं काय, आणि ते लक्षात ठेवलं. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, कारण फोडणीच्या नुसत्या वासानं ताईला उलटी व्हायची. दर गुरुवारी डब्याची पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायच्या, बेलसुद्धा वाजवायच्या नाहीत. दुसरा दाजींच्या ऑफिसातला एक पोरगा. त्यानं शोधून काढलं की कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते, फक्त हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. तेव्हापासून फॉर्म घेऊन खिडकीवर तोच उभा राहायचा. पहिल्या दोन खेपांना आम्ही पूर्ण पैसे मोजले होते.

आणि दाजी. फोन आला की "ताई कशी आहे?" एवढंच, ते बरोबरच आहे, पण वर्षभर तेही तिच्याबरोबर जागत होते हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. चौथ्या केमोला आत ताईला ते लाल औषध चालू होतं, आम्ही बाहेर बाकावर, दाजींच्या मांडीवर फाईल, हातातला चहा गार झालेला. म्हणाले, "आज आजाराचं नको, क्रिकेटचं बोल माझ्याशी". मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, तरी तासभर रोहित शर्मावर भांडलो. घरी येताना गाडीत ते आडवे झाले ते थेट सोलापूरलाच उठले.

आता ताईची ट्रीटमेंट संपलीय, तीन महिन्यांनी चेकअप असतं, केस परत आलेत ते कुरळे आलेत. एकच विनंती, ती रेल्वेची सवलत पेपरात चौकट करून छापा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत लातूरकडचं एक कुटुंब भेटलं होतं, वर्षभर पूर्ण तिकीट काढून येत होते.

एक वाचक, सोलापूर