तिरफळला कड्यापाशी न्यायचं की नाही

फोंडा, गोवा

प्रिय गौरी,

चवथीनंतर माझं पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील. आई बरी आहे, माझा खांदा आहे तसाच आहे. लिहायला बसलेय ती तिरफळसाठी. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर 'कुत्र्याचं काय एवढं' म्हणतील, आणि पाळोळ्याच्या रेतीतून उचलून तिला माझ्या ओटीत टाकलंस तूच.

गेल्या रविवारी काणकोणला आपल्या नेहमीच्या कातळावर गेलो होतो. समीर लीडवर, पुढं चढत; खाली त्याचा दोर सांभाळत बिलेला मी; तिरफळ मागं काजूच्या झाडाला बांधलेली. वर समीरच्या पायाखालचा ढलपा सुटला. तो 'दगड!' म्हणून ओरडला, मी भिंतीला चिकटले. आणि तिरफळ? फेकलेला दगड धावत जाऊन आणायचा हे तिला तूच शिकवलंयस ना, ती तो आणायला झेपावली! पट्ट्यानं गचका देऊन मागं खेचलं आणि दगड तिच्यापुढं हातभरावर फुटला. लगेच उठून शेपूट हलवत उभी. हेल्मेट समीरच्या डोक्यावर, माझ्या डोक्यावर. तिच्या डोक्यावर काय? माझा हात दोराच्या ब्रेकवर होता आणि तो तिथंच राहिला, पण डोळे तिच्याकडे वळले. वर समीर, खाली ती, आणि बघायला माझे दोनच डोळे. तेव्हापासून धड झोप नाही.

लोणावळ्याच्या नागफणीला आपण भांडलो होतो ते आठवतं? कुणाचा तरी लॅब्राडोर चढायच्या दोरावर, आपल्या रोपवर, अंग टाकून झोपला होता, नाना त्याला हाकलत होता आणि तू नानालाच हाकललंस. 'डोंगर काय तुझ्या बापाचा?' नाना अजून ते सांगतो, आणि दर वेळी लॅब्राडोर थोडा मोठा होतो. मी तेव्हा तुझ्या बाजूनं होते. हार्नेसची कॅराबिनर खणखणली की तिरफळ दाराशी जाऊन बसते, ते बघितलं की आजही तुझ्याच बाजूनं व्हावंसं वाटतं.

पण तिला बांधायचं कुठं, ते सांग. कड्याजवळ बांधावं तर दगड. लांब बांधावं तर आग्यामोहोळ. आपल्या घाटातल्या कड्यांना ती पोळी लटकलेली असतात, उठली की माणूस जीव घेऊन पळतो, बांधलेलं कुत्रं कुठं पळणार? मोकळं सोडावं तर वानरांमागं जाईल, आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे आयती शिकार. शिवाय मी चढायला लागले की ती खालून असा गळा काढते की वरून मी 'टेक', म्हणजे दोर ताण, म्हटलेलं बिले देणाऱ्याला ऐकू जात नाही. बाकीचे चढणारे तोंडावर काही बोलत नाहीत, पण मला कळतं.

खोतीगाव, नेत्रावळी इथं अभयारण्यात तर तिला न्यायचा विषयच नको. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह गेले, त्यांच्यात सापडला तो कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचाच विषाणू. तिरफळच्या सगळ्या लसी झाल्यात, तू ओरडू नकोस. पण लस गोचिडांना थांबवत नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, तो गोचिडांतूनच येतो. रानात फिरून आलेलं कुत्रं आईच्या पलंगाखाली शिरतं, तेव्हा मला ते आठवतं.

तर मी ठरवलंय. रोप लागणार असेल तिथं तिरफळ नाही. समुद्राकाठच्या बोल्डरिंगला, बुटक्या खडकांवर दोराशिवाय चढतो तिथं, येईल, तेही थंडीत, पहाटे, आणि न चढणारं कुणीतरी तिला धरून बसणार असेल तरच. पडणारा माणूस खाली अंथरलेल्या जाड गादीवर, क्रॅश पॅडवर येतो, आणि ती नेमकी त्याच्याखाली घुसते. सकाळचे दहा वाजले की परत. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांना, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर, आणि इथला ग्रॅनाइट तापला की सोडत नाही. कातळाला हाताची मागची बाजू लावून मी सात आकडे मोजते. त्याआधी हात काढावा लागला, तर तिचे पंजे तिथं टेकायचे नाहीत.

म्हणून डिसेंबरात बदामीला मी येईन, तिरफळ येणार नाही. तू लिहिलंस की तिला सहा महिने पाहिलेलं नाही, घेऊनच ये. पण तिथली माकडं तुला ठाऊक आहेत, आणि वालुकाश्मावर दिवसभर आपण दोघी रोपवर. तिच्याकडे बघणार कोण? ती माशेलला मामाकडे राहील, मामी तिला बांगड्याची डोकी घालून लाडावतेच. बदामीहून तू इकडे ये, चार दिवस राहा, हवी तेवढी कुशीत घे.

तुझी नवी नोकरी कशी? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? धाकट्याचा निकाल लागला असेल, त्याला शाबासकी.

या निर्णयावर तू भांडणार हे मला माहीत आहे. पत्रातूनच भांड, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि येताना माझा तो जुना निळा चॉकबॅग आण, तीन वर्षं तुझ्याकडेच आहे.

तुझी,
मेधा