खडकवासल्याच्या शेजारी आर्क्टिकलाही चौकट द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आर्क्टिक सहलीवर पानभर लेख आला. फोटो देखणे होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘वितळायच्या आत बघून घ्या’ या सुराबद्दल. पेठेतला जुना वाडा पाडायला घेतला की लोक घाईघाईने फोटो काढून ठेवतात, त्यातला हा प्रकार वाटला. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर ग्रीनलंडमध्ये इलुलिसातला जाऊन आले, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिथे गावाला लागून एक लांबलचक खाडी आहे. सेर्मेक कुयाल्लेक ही हिमनदी तीत येऊन फुटते. 2012च्या उन्हाळ्यात ती दिवसाला 40 मीटरहून जास्त सरकत होती. फुटलेले हिमनग खाडीच्या तोंडाशी येऊन अडकतात, कारण तिथे तळ उथळ आहे. आमच्या मंडळींचा बहुतेक वेळ या हिमनगांपुढे उभं राहून सेल्फी काढण्यात गेला. सहल कंपनीने ‘ध्रुवप्रदेशातही पिठलं-भाकरी’ असं आश्वासन दिलं होतं आणि ते पाळलंही. त्यामुळे गावात कोण काय शिजवतं, याची चौकशी करायची कुणाला गरजच वाटली नाही. (सीलच्या मांसाचं तांदूळ-कांदा घातलेलं सार असतं. मी शाकाहारी, पण विचारायला काय जातं?)

घरांमागे लाकडी मांडवांवर हॅलिबट माशाच्या पट्ट्या वाळत होत्या. त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांसाठी. तिथल्या एका कोळ्याने भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडी टोकाची लांब काठी मला दाखवली. हिवाळ्यात समुद्र गोठला की कुत्र्यांच्या गाडीपुढे चालत तिने बर्फ ठोकून बघायचा. एका ठोशात टोक आरपार गेलं की मागे फिरायचं. आता गावासमोरचा डिस्को उपसागर पूर्वीसारखा भरवशाने गोठत नाही, म्हणून काठीचं काम कमी झालंय. कुत्री पोसायला खर्च फार, तेव्हा लोक ती ठेवेनासे झाले आहेत. वीसेक वर्षांत ग्रीनलंडमधल्या गाडीच्या कुत्र्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला त्या भागात दुसऱ्या जातीचं कुत्रं आणायला कायद्याने बंदी आहे, इतकी त्यांनी ही जात जपली. पण त्याच माणसाने हेही सांगितलं, की पाणी मोकळं राहिल्यामुळे होडीवाल्यांना आता हिवाळ्यातही मासेमारी करता येते. पूर्वी बर्फाला भोक पाडून गळ सोडत बसावं लागे. म्हणजे कुणाचं बुडालं, कुणाचं साधलं. आपल्या लेखात तिथला एकही माणूस नव्हता, मग हे कुठून येणार!

दुसरं, लेखात दोन बर्फांची सरमिसळ झाली आहे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर पातळी जवळपास वाढत नाही. मात्र पांढरा बर्फ गेला की खाली काळं पाणी उघडं पडतं आणि आलेलं बहुतेक ऊन शोषून घेतं. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतंय, त्याचं हे एक मोठं कारण. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ. ग्रीनलंडवरचा सगळा गेला (त्याला शतकं लागतील), तर समुद्र सरासरी सात मीटर चढेल. पण तो सगळीकडे सारखा चढणार नाही. काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड असलेला हा बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो कमी झाला की ही ओढ सैल पडते आणि पाणी दूर निघून जातं. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर समुद्र चक्क उतरतो आणि जास्तीची वाढ उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांच्या वाट्याला येते. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आपण कोरडे राहू. पण निम्म्या पुण्याचं मूळ गाव कोकणात आहे, हे विसरून कसं चालेल?

शिवाय या विषयाचं घर पुण्यातच आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंद इथे 2008पासून भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे. डिसेंबर 2023मध्ये तिथे पहिली हिवाळी मोहीम गेली. चोवीस तास अंधार असतो, त्या दिवसांत. त्या तुकडीत आपल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचाही सहभाग होता. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला बर्फ आणि मध्य भारतातली सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध असावा, असा अभ्यास 2021मध्ये गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मांडला. तिथून पाषाणला परतलेल्या एखाद्या ‘हिमाद्री’ संशोधकाला दोन कॉलम दिलेत, तर सहलीच्या पानापेक्षा ते जास्त वाचलं जाईल.

आणि एक ठोस मागणी. पावसाळ्यात आपण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघरचा साठा रोज छापता. आम्ही चहाआधी तोच बघतो. सप्टेंबरात आर्क्टिकवरचा समुद्री बर्फ वर्षातला सर्वांत कमी होतो. त्या महिन्यात धरणांशेजारी त्याचीही चौकट द्या. 1980च्या आसपास हा नीचांक सत्तर लाख चौरस किलोमीटरच्या घरात होता. 2012मध्ये तो सुमारे 34 लाखांवर आला. अख्ख्या भारताहून मोठा तुकडा गेला, असं कंसात लिहिलंत की पुणेकराला वेगळं समजवावं लागणार नाही. उपग्रहांचे हे आकडे अमेरिकेतलं बर्फाच्या नोंदी ठेवणारं केंद्र रोज फुकट जाहीर करतं. जागा लागेल ती फार तर सुडोकूच्या निम्मी.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
कोथरूड, पुणे