बारीक अंगाच्या मधुमेहींची तपासणी वेगळी हवी

महोदय,

मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचे पेटंट संपले आणि ही गोळी एकदम स्वस्त झाली. तेव्हापासून आमच्या औषध दुकानात लोक रिकामी स्ट्रिप पुढे करून म्हणतात, "शेजारच्या काकांना ही लागू पडली, मलाही द्या." डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की राग येतो. मागणारा अंगाने किडकिडीत असला की मला खरी काळजी वाटते.

ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते. वजन जास्त असलेल्या, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या अनेकांना तिचा चांगला उपयोग होतो. पण ज्याच्या शरीरात इन्सुलिनच पुरेसे तयार होत नाही, त्याने ती आपल्या मनाने सुरू केली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) साचून जिवावर बेतू शकते. त्यातही साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून घरच्यांना पत्ता लागायला उशीर होतो.

असे रुग्ण आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे मांडले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! म्हणजे नुसत्या वजन-उंचीवरून शरीराची आतली स्थिती कळत नाही. पुढे २०१८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी प्रौढांच्या मधुमेहाचे पाच गट पाडले. तीच पद्धत पुण्यातल्या, कमी वयात टाइप २ मधुमेह झालेल्या रुग्णांना लावून पाहिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जण इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेच्या गटात निघाले.

प्रत्यक्षात काय होते ते मला काउंटरवरून दिसते. शेतमजुरी करणारी एखादी बाई येते. ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी एक मिलिग्रॅमवरून दोन, दोनवरून चार झालेली असते, ब्लाउज खांद्यावरून उतरत असतो. तिला सांगितलेले असते, "भात सोडा, वजन कमी करा." कुठून कमी करणार? साखर आटोक्यात येत नाही म्हणून घरचेही तिलाच बोल लावतात. तिला इन्सुलिनची गरज आहे का, हे कोणी तपासलेलेच नसते.

प्रिसिजन मेडिसिन, म्हणजे ज्याच्या-त्याच्या शरीराप्रमाणे नेमके उपचार, म्हटले की लोकांना महागडी जनुकीय चाचणी आठवते. ती काहींना हवीच. जन्मानंतर काही महिन्यांतच मधुमेह झालेल्या आणि विशिष्ट जनुकदोष असलेल्या ४९ रुग्णांना सल्फोनिलयुरियाच्या (ग्लिमेपिराइड ज्या गटातली आहे त्या) गोळ्या दिल्यावर ४४ जणांचे इन्सुलिन बंद झाले, हे २००६ मध्ये सिद्ध झाले आहे. पण बहुतेकांसाठी सुरुवात साधी आहे: वय, वजन, कंबरेचा घेर, लहानपणीची उपासमार, घरातला मधुमेह यांची नीट चौकशी आणि शंका आली तर सी-पेप्टाइड. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते याचा अंदाज या रक्ततपासणीतून येतो. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेलग्रस्त भागांत तर नुसत्या एचबीए१सीवर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीवर, विसंबूनही चालत नाही. लाल पेशी लवकर मोडत असल्यामुळे तो फसवा, कमी येऊ शकतो.

तरुणपणी मधुमेह झालेल्या आणि बारीक अंगाच्या रुग्णांची सी-पेप्टाइड तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे. आपल्याही आरोग्य पुरवणीत मधुमेहावरचे जवळजवळ सगळे लेख वजन घटवण्याचे असतात. वजन आधीच घटलेल्यांसाठी एखादा स्वतंत्र लेख तज्ज्ञांकडून लिहून घ्यावा.

— एक फार्मासिस्ट, कराड